हयातीचा दाखला आणि झिजलेला अंगठा

जानेवारीतील एका सकाळी माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय ७८. रक्तदाब मोजला तर १९० वर ११०. गेली अकरा वर्षे ते माझ्याकडे येतात आणि गोळी चुकवणाऱ्यांपैकी ते नव्हेत. मी विचारले, “गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चालू आहेत, डॉक्टरसाहेब. पण अर्धी अर्धी घेतो आहे.”

कारण विचारल्यावर हळूहळू उलगडा झाला. डिसेंबरपासून त्यांचे निवृत्तिवेतन जमा झाले नव्हते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी ते एका सेवा केंद्रात तीनदा गेले. तिन्ही वेळा यंत्राने त्यांचा अंगठा नाकारला. तिसऱ्या खेपेला तेथील तरुणाने सांगितले, “आजोबा, मशीन घेत नाही. नंतर कधीतरी या.” गुरुजी परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलालाही त्यांनी काही सांगितले नाही. “आपण जिवंत आहोत हे सिद्ध करता येत नाही, असे मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे?” असे ते म्हणाले तेव्हा हसत होते; पण ते हसणे पाहवत नव्हते.

आरोग्याच्या पाक्षिकात यंत्रांची, कंपन्यांची आणि सरकारी नियमांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर गुरुजींच्या रक्तदाबात आहे. त्यांचा आजार बळावला नव्हता, औषधही बदलले नव्हते. एका यंत्राने ‘नाही’ म्हटले आणि त्या यंत्राशेजारी ‘थांबा, दुसरा मार्ग आहे’ असे सांगणारा कोणी नव्हता, एवढेच घडले होते.

अंगठ्याची उलटी कहाणी

निवृत्तिवेतन आणि बोटांचे ठसे यांचे नाते आजचे नाही. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटावर सहीऐवजी हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे नोंदविण्यास प्रारंभ केला, कारण मृत व्यक्तीच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलतो अशी शंका असे. म्हणजे हयातीच्या पुराव्यासाठी बोट मागण्याची पद्धत याच देशात जन्मली आणि तिला जवळजवळ दीडशे वर्षे झाली.

मात्र त्या काळी ठसा ही निरक्षराची सोय होती. ज्याला सही येत नाही त्याने अंगठा उठवावा. आज परिस्थिती उलटली आहे. चाळीस वर्षे फळ्यावर सुंदर अक्षर काढणाऱ्या शिक्षकाची सही बाजूला ठेवली जाते आणि त्याच्याकडे अंगठाच मागितला जातो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सेवा सुरू झाली. या सोयींमुळे लाखो वृद्धांचे हेलपाटे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न उरतो तो ज्यांचा अंगठा जुळत नाही त्यांचा.

रेषा का पुसट होतात?

बोटांवरील रेषा गर्भावस्थेच्या सहाव्या महिन्यापर्यंत पूर्ण तयार होतात आणि त्यांचा आराखडा जन्मभर बदलत नाही. परंतु आराखडा तोच राहिला तरी त्याचे उंचवटे झिजतात. वयाबरोबर त्वचा पातळ होते, तिची लवचीकता घटते, स्निग्धता आणि ओलावा कमी होतो. यंत्राला रेषेचा उंचवटा आणि दोन रेषांमधील खोलगट भाग यांतील फरक दिसावा लागतो. कोरड्या, सपाट झालेल्या बोटावर तो फरक अस्पष्ट होतो.

आपल्या जिल्ह्यात यात श्रमाची भर पडते. पावसाळ्यात धानाची रोवणी, नोव्हेंबरच्या सुमारास कापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, शिवाय वर्षभर बांबू सोलणे, सूप-टोपल्या विणणे. एका आजीने मला दोन्ही तळवे दाखवून म्हटले होते, “रेघा काहाच्या राहतीन डॉक्टरसाहेब, सारा जनम त विळ्यावरच गेला.” वैद्यकीय पाठ्यपुस्तकालाही याहून नेमके सांगता आले नसते. आणि पाहा, हयातीचा दाखला मागितला जातो तो नोव्हेंबरातच, म्हणजे नुकतेच विळे हाती धरलेले असताना आणि थंडीने त्वचा कोरडी पडू लागली असताना.

काही आजारही ठसे बिघडवतात. हातांचा इसब, सोरायसिस, पक्षाघातानंतर मिटून राहिलेली मूठ, दीर्घकालीन मधुमेहात ताठरलेली बोटे. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या औषधाने तळहातांची त्वचा सोलवटून ठसे तात्पुरते नाहीसे होऊ शकतात. कुष्ठरोगाने बोटेच गमावलेली माणसे चंद्रपूर-गडचिरोलीत आजही आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनाची उभारणीच अशा माणसांसाठी झाली.

अंगठा जुळत नसेल तर डोळ्याची बुबुळे किंवा चेहरा हे पर्याय आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे. तेथेही शरीर आडवे येऊ शकते. समोर जिवंत माणूस आहे की छायाचित्र, हे ठरविण्यासाठी फोन डोळ्यांची उघडझाप करावयास सांगतो. कंपवाताच्या रुग्णांची पापणी मुळातच कमी लवते. चेहऱ्याचा अर्धांग झालेल्यांची एक पापणी मिटत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल असेपर्यंत बुबुळांची तपासणी लांबणीवर टाकावी. हे दोष माणसाचे नव्हेत. यंत्र धडधाकट देह गृहीत धरून बनविलेले असते आणि वार्धक्य त्या गृहीतकात बसत नाही.

नियम यंत्रापेक्षा उदार आहे

येथे अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा नियम ‘नाही’ म्हणत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, ओळख पटविण्यात यंत्र अपयशी ठरले म्हणून गरजू व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये आणि त्यासाठी पर्यायी मार्ग असावा, ही भूमिका नोंदविली आहे. ज्यांचे ठसे घेता येत नाहीत त्यांची नोंदणी केवळ बुबुळांवर आणि ज्यांची बुबुळे घेता येत नाहीत त्यांची केवळ ठशांवर करता येते, हे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर फार मानवी आहेत. अतिवृद्ध किंवा आजारी खातेदार सही करू शकत नसेल, तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो; त्याला बँकेच्या परिचयाचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. तेही शक्य नसेल तर साध्या खुणेवरही व्यवहार होऊ शकतो. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने ७० वर्षांवरील आणि अपंग किंवा दुर्बल ग्राहकांना रोख रक्कम पोहोचविणे, हयातीचा दाखला स्वीकारणे अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याची सूचना बँकांना केली आहे. हयातीचा दाखला दिल्यावर त्याची सहीनिशी पोच देणे हेही बँकेचे कर्तव्य आहे.

याशिवाय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. या सेवेचे शुल्क ७० रुपये ठेवण्यात आले. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांनी आपल्या कोषागाराकडे मुदत आणि कागदी दाखल्याची पद्धत विचारून घ्यावी.

थोडक्यात, कागदाच्या जगात पायाचा अंगठा, साक्षीदार, साधी खूण, सारे चालते. कारण तेथे समोर माणूस बसलेला असतो आणि तो स्वतःच्या सहीने जबाबदारी घेतो. यंत्र केवळ जुळणी करते, जबाबदारी घेत नाही. म्हणूनच यंत्राशेजारी जबाबदारी घेणारा माणूस असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

टॉवर, रस्ता आणि पूर

हा माणूस आपल्या भागात अधिकच गरजेचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला आपला जिल्हा तीन चतुर्थांश जंगलाने व्यापला आहे. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एस. टी. बस धावू लागली ती १ जानेवारी २०२५ रोजी. अशा ठिकाणी ‘ओटीपी आला का?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘टॉवर आहे का?’ हे विचारावे लागते.

जोडणीच्या बाहेर राहिलेल्या गावांपर्यंत फोर-जी सेवा नेण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे सोपविले. त्यात देशभरातील २४,६८० गावे होती. ही गुंतवणूक आवश्यकच आहे. परंतु टॉवर उभा राहिला तरी वीज जाते, बॅटरी उतरते, दूरच्या शहरातील सर्व्हर बंद पडतो. तो दिवस पुन्हा उगवेपर्यंत वृद्धाने बसभाडे दोनदा भरायचे आणि मजुरीचा दिवस घालवलेल्या सुनेला दोनदा सोबत न्यायचे. म्हणून जेथे जोडणी अविश्वसनीय आहे तेथे कागदी पर्याय ही कृपा समजली जाऊ नये. तो व्यवस्थेचाच भाग असावा.

खिशातला सल्लागार

सरकारी यंत्रांबद्दल जे म्हटले तेच मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांबद्दलही म्हणावेसे वाटते. घरोघरी आता व्हॉट्सअॅप आहे आणि प्रश्न विचारताच अस्खलित मराठीत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आहेत. आजाराची माहिती समजावून घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण एका मधुमेही आजोबांनी फोनवर आलेल्या संदेशावर विश्वासून गोळ्या थांबविल्या आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा त्या सल्ल्याला उत्तरदायी कोण, हे कोणालाच सांगता येईना.

कायद्याने या बाबतीत काही कुंपणे घातली आहेत. मधुमेह पूर्ण बरा करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी कायद्याने मनाई आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. ती डॉक्टरला साह्य करू शकते, अंतिम निर्णय नोंदणीकृत डॉक्टरचाच. दूरवरून सल्ला घ्यायचाच असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा आहे. तेथे पलीकडे नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला डॉक्टर असतो.

कंपन्यांना सुधारणा करता येत नाही असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अफवेने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घोषित केली. लोकांचा आणि शासनाचा रेटा असेल तर बदल घडतो, एवढे यातून दिसते. मोठ्या अक्षरांचे पडदे, मराठीत तक्रार नोंदविण्याची सोय आणि बोलायला खरा माणूस मिळेल असा दूरध्वनी क्रमांक, एवढी अपेक्षा ज्येष्ठांनी करणे हे काही फार मागणे नव्हे.

मुलाची रजा हाही औषधाचाच भाग

गुरुजींचा मुलगा वाईट नव्हता. तो पुण्यात, आईवडील इकडे. गडचिरोलीहून नागपूरच सुमारे १७० किलोमीटर. तेथून पुढचा प्रवास वेगळा. दोन दिवसांच्या कामासाठी चार-पाच दिवसांची रजा लागते. बाळंतपणासाठी आपल्याकडे २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी खासगी नोकरीत अशी वेगळी रजा कायद्यात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते आणि ती आईवडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते, असे सरकारने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. वृद्धांची संख्या मोठी असलेल्या जपानमध्ये प्रत्येक आजारी कुटुंबीयामागे एकूण ९३ दिवसांपर्यंत शुश्रूषा-रजा घेण्याची तरतूद आहे.

आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली आहे. ती योग्यच आहे. पण जबाबदारी टाकायची आणि ती पार पाडायला वेळ द्यायचा नाही, हे न्यायाचे नाही. ज्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देतात त्यांनी वर्षातून पंधरा दिवस तरी ‘आईवडिलांच्या गावाहून काम’ करू द्यावे. माझ्या अनुभवात त्या पंधरा दिवसांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, दाखला, बँक आणि औषधांची फेरतपासणी, सारे उरकते.

घरच्यांसाठी काही सूचना

१. ऑक्टोबरच्या मध्यापासून वृद्धांच्या हातांना रोज रात्री खोबरेल तेल किंवा साधे मलम लावावे. दाखल्याच्या दिवशी हात कोमट पाण्याने व साबणाने धुऊन नीट पुसावेत. तेलकट, ओले किंवा मेंदी लावलेले बोट यंत्राला चालत नाही.

२. अंगठाच हवा असा हट्ट नको. दहाही बोटे वापरून पाहावीत. ठसे वारंवार जुळत नसतील तर आधार केंद्रावर ते नव्याने नोंदवून घ्यावेत.

३. चेहऱ्याची ओळख दिवसाउजेडी, खिडकीकडे तोंड करून घ्यावी. कंपवाताचे रुग्ण गोळी घेतल्यानंतर तासाभराने अधिक मोकळे असतात. ती वेळ साधावी.

४. मधुमेही व्यक्तीने उपाशीपोटी रांगेत उभे राहू नये. डबा, पाणी आणि दुपारची गोळी सोबत असावी. बसायला जागा मागण्यात संकोच नको.

५. यंत्राने नाकारले तर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, पर्यायी पद्धत विचारावी आणि दाखला दिल्यावर पोच घ्यावी. ‘नंतर या’ एवढ्यावर परतू नये.

६. आधारमधील ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे. त्यामुळे अंगठ्याच्या आधारे खात्यातून पैसे काढण्याची फसवणूक टळते. मात्र रेशन किंवा दाखल्याच्या दिवशी ते आधी उघडावे लागते.

७. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. फोनवर कोणी तशी भीती घातल्यास फोन बंद करावा.

८. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत : आधारविषयक तक्रार १९४७, ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी १४५६७, सायबर फसवणूक १९३०.

आपल्याच मातीतला धडा

यंत्राशेजारी माणूस ही कल्पना गडचिरोलीने जगाला एकदा शिकविली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने येथील ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांच्या हाती साधी उपकरणे दिली आणि घरी जाऊन नवजात बाळे सांभाळण्यास शिकविले. नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले आणि हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपकरण होतेच, पण ते बाळाच्या आईला नावाने ओळखणाऱ्या बाईच्या हातात होते. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांसाठी असे दूत का नसावेत? गावांसाठी ग्रामीण डाक सेवक आहे, आशाताई आहे, ग्रामपंचायतीत संगणक चालविणारा तरुण आहे. त्यांपैकी एकाला नोव्हेंबरात गावातील ज्येष्ठांची यादी घेऊन घरोघर फिरण्याचे काम, त्याच्या योग्य मोबदल्यासह, देता येणार नाही काय?

गुरुजींची गोष्ट सुखरूप संपली. त्यांचा मुलगा चार दिवसांसाठी आला. बँकेच्या शाखेत एका अधिकाऱ्याने त्यांना समोर बसवून कागदी दाखला भरून घेतला, स्वतः सही केली आणि पोच दिली. थकलेल्या रकमेसह निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. मार्चमध्ये ते तपासणीस आले तेव्हा रक्तदाब १४० वर ८४ होता. मी गोळ्यांत काहीही बदल केला नव्हता. ती पोच मात्र त्यांनी औषधांच्या डब्यातच, माझ्या चिठ्ठीखाली घडी घालून ठेवली आहे.